स्ट्रेथमच्या घरातला पाहुणा

टूटिंगला राहायला आल्यावर पहिली काही वर्षं मी थ्रेल रोडची पाटी रोज बघत असे आणि थ्रेल कोण याचा विचारही माझ्या मनात येत नसे. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा आणि अळूची पानं घेऊन बस पकडायची, घरी जायचं, एवढाच त्या भागाशी संबंध. टूटिंग बेक कॉमन ओलांडणाऱ्या रस्त्याला डॉक्टर जॉन्सन अॅव्हेन्यू म्हणतात. हा डॉक्टर एखादा स्थानिक वैद्य असणार असं मी कित्येक दिवस धरून चालले होते.

तो जॉन्सन म्हणजे आपला जॉन्सन निघाला. 'आपला' अशासाठी की मराठी गद्याच्या जडणघडणीत त्याचा हात आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्याचं दीर्घ चरित्र लिहिलं आणि त्याची 'रासेलस' ही कथा चिपळूणकर पितापुत्रांच्या हातून मराठीत आली. इंग्रजीचा पहिला मोठा कोश एकहाती रचणारा, परखड, फाटक्या कोटातला पंडित ही जॉन्सनची प्रतिमा आपल्याकडे तिथूनच आली. मात्र या पंडिताच्या आयुष्याची जवळजवळ सतरा वर्षं ज्या घरात गेली ते घर माझ्या बसच्या वाटेवर होतं आणि ते घर एका तरुण विवाहित बाईचं होतं, हे मला लंडनला आल्यावर कळलं.

तिचं नाव हेस्टर थ्रेल. जन्म १७४१ चा, वेल्समधला. घराणं जुनं, पैसा संपलेला. मुलगी मात्र विलक्षण हुशार, लॅटिन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश शिकलेली. १७६३ मध्ये आईच्या आग्रहाखातर तिचं लग्न हेन्री थ्रेलशी झालं. थ्रेलची थेम्सच्या दक्षिण काठावर, सदकमध्ये बिअरची मोठी भट्टी होती आणि लंडनपासून सहा मैलांवर स्ट्रेथमला प्रशस्त घर होतं. माणूस वाईट नव्हता, पण थंड होता. बायकोशी बोलायला त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. तिने स्वयंपाकघरात लक्ष घालायचं नाही, शिकारीला जायचं नाही, मुलं जन्माला घालायची आणि दिवाणखान्यात छान बोलायचं, असा एकूण व्यवहार होता.

जानेवारी १७६५ मध्ये एका मित्राने जॉन्सनला थ्रेल दांपत्याकडे जेवायला नेलं. जॉन्सन तेव्हा पंचावन्न वर्षांचा, ती चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. मधलं अंतर एकतीस वर्षांचं. जॉन्सन विधुर होता. त्याची बायको त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी होती आणि ती जाऊनही बारा-तेरा वर्षं झाली होती. कोश प्रसिद्ध झाला होता, राजाकडून वर्षाला तीनशे पौंडांचं निवृत्तिवेतन सुरू झालं होतं. नाव होतं आणि पोटापुरता पैसाही होता. घर मात्र नव्हतं. म्हणजे राहती जागा होती आणि तिथे त्याने आधार दिलेल्या माणसांचा गोतावळाही होता: अंध कवयित्री अॅना विल्यम्स, गोरगरिबांना औषधं देणारा रॉबर्ट लेव्हेट, जमैकात गुलामीत जन्मलेला आणि पुढे जॉन्सनचा वारस ठरलेला फ्रान्सिस बार्बर. ही मंडळी एकमेकांशी अखंड भांडत. त्यांच्यात प्रेमाने वाढलेलं ताट आणि ऐकून घेणारं माणूस या दोन्हींची वानवा होती.

जॉन्सन दर आठवड्याला जेवायला येऊ लागला. मग १७६६ च्या उन्हाळ्यात एक प्रसंग घडला. बरेच दिवस तो दिसला नाही म्हणून थ्रेल नवरा-बायको त्याच्या घरी गेली. एका पाद्र्यासमोर जॉन्सन व्याकूळ होऊन, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून विनवत होता. आपण वेडे होणार ही भीती त्याला तरुणपणापासून होती आणि आता तिने त्याला पुरतं घेरलं होतं. तो स्वतःबद्दल काहीबाही बोलायला लागला, तेव्हा हेन्री थ्रेलने न राहवून त्याच्या तोंडावर हात ठेवला. जाताना त्याने बायकोला सांगितलं, यांना आपल्याकडे स्ट्रेथमला घेऊन ये. जॉन्सन तिथे काही महिने राहिला, बरा झाला, आणि मग तसा तो तिथलाच झाला.

त्याला स्ट्रेथमला खोली मिळाली, सदकच्या घरातही एक मिळाली. आठवडा थ्रेलांकडे काढायचा, शनिवारी आपल्या घरी जाऊन तिथल्या भांडखोर मंडळींना तीन दिवस नीट जेवू घालायचं आणि सोमवारी परत यायचं, असा त्याचा क्रम बसला. घरातल्या माणसांनीही त्याच्या तऱ्हा सांभाळल्या. मेणबत्तीला खेटून वाचायची सवय असल्याने त्याच्या विगचा पुढचा भाग कायम करपलेला असे, म्हणून थ्रेलचा नोकर जेवणघराच्या दाराशी बरा विग घेऊन उभा राही आणि डोक्यावरचा बदलून देई. जॉन्सनला रसायनांचे प्रयोग करायची हौस, तर बागेत भट्टी मांडून दिली. पण एक दिवस मुलं आणि नोकर भोवती गोळा झालेत आणि कमी दिसणारे जॉन्सनसाहेब ज्वाळांशी खेळताहेत हे थ्रेलने पाहिलं आणि प्रयोग बंद झाले. बागेतले पीच तो न्याहारीआधीच सात-आठ खाऊन टाकी.

तो हेन्रीला 'मालक' आणि हेस्टरला 'मालकीणबाई' म्हणे. थोरली मुलगी हेस्टर मारिया, तिला त्याने 'क्वीनी' हे लाडाचं नाव दिलं आणि पुढे लॅटिन शिकवलं. थ्रेल पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहिला की जाहीरनामे जॉन्सन लिहायचा आणि मतदारांच्या दारोदार हेस्टर फिरायची. १७७२ मध्ये माल्ट आणि हॉप्सशिवाय बिअर बनवण्याच्या एका ठकाच्या नादी लागून थ्रेल बुडायच्या बेतात आला, हातपाय गाळून बसला. तेव्हा पोटुशी असलेल्या हेस्टरने आईकडून, ओळखीपाळखीच्यांकडून पैसा उभा केला, कामगारांना थोपवून धरलं. जॉन्सन तिच्या पाठीशी उभा राहिला. आजवर घरच्या बाईला भट्टीत कोणी विचारत नव्हतं, त्या दिवसांत तीच भट्टी चालवत होती.

तिला बारा मुलं झाली. त्यातल्या फक्त चार मुली मोठ्या झाल्या. १७७६ च्या मार्चमध्ये तिचा नऊ वर्षांचा मुलगा हॅरी एका दिवसात गेला. जॉन्सन तेव्हा बॉझवेलबरोबर गावी, लिचफील्डला होता. बातमी कळताच तो लंडनला धावला. पोचला तेव्हा दारात गाडी उभी होती. क्वीनीची तब्येत बरी नव्हती, तिला घेऊन हेस्टर बाथला निघाली होती. ती थांबली नाही.

या प्रसंगाशी मी दर वेळी अडखळते. त्याला वाटलं असणार, आपण तिचं दुःख वाटून घ्यायला आलो. तिला कदाचित वाटलं असणार, आता आणखी एका माणसाचं दुःख सांभाळायची ताकद माझ्यात नाही.

कारण सांभाळणं हेच तिचं काम होतं. जॉन्सनला रात्री झोपायला जायची धास्ती वाटे. अंधारात एकटं पडलं की मन खायला उठे. म्हणून तो उठायचाच नाही आणि ती रात्री उशिरापर्यंत त्याच्यासमोर चहा ओतत बसे. वेडाची भीती त्याने तिला विश्वासाने सांगितली होती. तिने जपून ठेवलेल्या त्याच्या वस्तूंत एक कुलूप होतं, १७६८ मध्ये त्याने तिच्या हवाली केलेलं. १७७३ मध्ये तिची आई कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत असताना त्याने त्याच घरातून तिला फ्रेंचमध्ये एक पत्र लिहिलं. मी खोलीतून कधी बाहेर यायचं, कधी नाही, हे तुम्हीच ठरवा, असा त्याचा सूर. या कुलपावरून आणि पत्रावरून विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी बरेच तर्क लढवले आहेत, काही चावटही आहेत. मला त्यात एक घाबरलेला म्हातारा दिसतो आणि समोर एक बाई, जिच्या एका खोलीत आई मरते आहे आणि दुसऱ्या खोलीतला पाहुणा विचारतो आहे, माझं काय? तिने उत्तरात त्याला प्रेमाने समजावलं आणि बॉझवेलबरोबर प्रवासाला जा म्हणून सुचवलं. तो स्कॉटलंडला गेला, तिथून तिला लांबलचक पत्रं लिहिली आणि त्या पत्रांच्या आधाराने त्याचं प्रवासवर्णन तयार झालं.

इथे थोडं घरचं सांगते. आम्ही नव्वदच्या दशकात इथे आलो तेव्हा मंडळाच्या गणपतीत एका काकांशी ओळख झाली. विधुर, निवृत्त, मुलगा कॅनडात. एका रविवारी जेवायला बोलावलं आणि पुढे अकरा वर्षं दर रविवारी ते आमच्याकडे आले. माझ्या मुलीला त्यांनी पावकी-निमकी शिकवली. माझं इंग्रजी त्यांनी सुधारलं, नोकरीचे अर्ज तपासून दिले. मला थालीपीठ जमतं हे मला स्वतःला त्यांच्या खाण्यावरून कळलं. मंडळातल्या बायका विचारत, "ते तुमचे कोण लागतात?" मी म्हणे, "काका." "म्हणजे ह्यांचे काका का?" यावर माझ्याकडे उत्तर नसे.

काका रात्री अकरापर्यंत उठत नसत. नवरा पेपर वाचता वाचता झोपून जाई. धाकटा तान्हा होता, मला उभ्या उभ्या झोप येत असे आणि काका मात्र सावरकरांच्या कवितेवर बोलत असत. मला ते आवडायचे. आणि मी कंटाळले होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, हे मला तेव्हा कबूल करता आलं नाही. मला शनिवार-रविवारची पाळी असलेली नोकरी मिळाली तेव्हा मी त्यांना फोनवर सांगितलं, "काका, आता रविवारी जमणार नाही." ते म्हणाले, "बरं." त्यानंतर आठ महिने त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

हेस्टरची कथा मी यानंतर वाचली. कदाचित म्हणूनच ती मला जॉन्सनच्या चरित्रकारांपेक्षा वेगळी दिसत असेल.

हेन्री थ्रेल ४ एप्रिल १७८१ ला पक्षाघाताने गेला. डॉक्टरांनी बजावूनही त्याने खाणं आवरलं नव्हतं. भट्टी एक लाख पस्तीस हजार पौंडांना विकली गेली. जॉन्सन मृत्युपत्राचा एक व्यवस्थापक होता आणि विक्रीच्या दिवशी कोटाला दौत-टाक लावून मोठ्या उत्साहाने वावरत होता. आता हे दोघं लग्न करणार, अशी कुजबुज लंडनभर सुरू झाली. वर्तमानपत्रांनी ती छापली. बॉझवेलने तर थ्रेलला पुरून काही दिवस झाले नाहीत तोच या काल्पनिक लग्नावर एक अश्लील विडंबन रचलं. एक्काहत्तर वर्षांचा वर आणि चाळीस वर्षांची वधू, लोकांना आणखी काय हवं!

जॉन्सनच्या मनात लग्न होतं का? तसा पुरावा नाही. मला वाटतं, त्याला काहीच बदलायला नको होतं. तीच खोली, तोच चहा, तेच बोलणं. मालक गेले तरी मालकीणबाई आहेतच.

तिला मात्र बदल हवा होता. क्वीनीला गाणं शिकवायला गाब्रिएल पिओत्सी नावाचा इटालियन गायक येत असे. तो तिच्याच वयाचा, शांत, सभ्य. हेस्टर त्याच्या प्रेमात पडली. आयुष्यात पहिल्यांदाच, असं तिच्या रोजनिशीवरून दिसतं. ही रोजनिशी म्हणजे 'थ्रेलिआना'. हेन्रीने १७७६ मध्ये तिला सहा कोऱ्या जाड वह्या भेट दिल्या होत्या, त्यात ती सगळं लिहीत असे. पण पिओत्सी परदेशी, कॅथलिक आणि त्यातून पोटासाठी गाणारा. एवढ्या मोठ्या घरच्या विधवेने गाणाऱ्याशी लग्न करायचं म्हणजे त्या काळच्या लंडनला किती लागलं असेल हे आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्याकडेही गाणं ऐकायला घरी बोलावत आणि गाणाऱ्याला मुलगी देत नसत.

ऑक्टोबर १७८२ मध्ये स्ट्रेथमचं घर भाड्याने दिलं. निघताना जॉन्सनने त्या कुटुंबासाठी एक प्रार्थना लिहिली. मुलींच्या आणि मैत्रिणींच्या दबावाखाली हेस्टरने १७८३ मध्ये पिओत्सीला इटलीला परत पाठवलं, स्वतः बाथला जाऊन राहिली. त्याच वसंतात तिची सगळ्यात धाकटी मुलगी गेली. जूनमध्ये जॉन्सनला पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली. दोनच दिवसांनी त्याने तिला सविस्तर पत्र लिहिलं. तिने काळजीने उत्तर पाठवलं, पण ती आली नाही. तिची स्वतःची तब्येत इतकी ढासळली की शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुलींनीच हट्ट सोडला आणि पिओत्सीला परत बोलावलं गेलं.

३० जून १७८४ ला तिने जॉन्सनला लग्नाचं कळवलं. २ जुलैच्या त्याच्या उत्तराला राग हा शब्द अपुरा आहे. तुम्ही मुलं टाकलीत, धर्म टाकलात, असे आरोप, आणि लग्न अजून झालं नसेल तर एकदा भेटा अशी विनवणी. तिचं ४ जुलैचं उत्तर मी कितीदा वाचलं असेल. पहिल्या नवऱ्याचं कूळ, विचार आणि धंदा यांपैकी कशातही दुसरा कमी नाही, हे तिने शांतपणे मांडलं. त्याला कमी लेखता ते केवळ त्याच्याकडे पैसा नाही म्हणून, हेही सुनावलं. आणि पिओत्सीबद्दलचं तुमचं मत बदलेपर्यंत आपण न बोललेलं बरं, असं म्हणून पत्र संपवलं. एकोणीस वर्षं चहा ओतणाऱ्या बाईने पहिल्यांदा किटली खाली ठेवली.

जॉन्सनचं ८ जुलैचं पत्र मात्र निराळं आहे. त्यात राग ओसरलेला आहे. मूळचंच दुःखी असलेलं माझं आयुष्य तुमच्या मायेने वीस वर्षं सुसह्य झालं, हे त्याने मोकळेपणाने मान्य केलं. तिला सुख लाभो म्हटलं. जाता जाता इंग्लंडमध्येच राहा हा सल्ला दिलाच. त्यापुढे दोघांत पत्रव्यवहार झाल्याचं दिसत नाही. त्याच महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती इटलीला गेली. नोव्हेंबरमध्ये जॉन्सनने फॅनी बर्नीला सांगितलं की तिचं पत्र हाती लागलं तर मी जाळून टाकतो, तिचा विचारही मनात येऊ देत नाही. जो विचार येत नाही त्यासाठी माणूस पत्रं जाळत बसत नाही. १३ डिसेंबर १७८४ ला तो गेला. तिला ही बातमी मिलानला कळली.

तिने त्याचं एकही पत्र जाळलं नाही. १७८६ मध्ये तिने जॉन्सनच्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्याची पहिली आवृत्ती एका दिवसात संपली. १७८८ मध्ये त्याची तीनशेहून अधिक पत्रं दोन खंडांत छापली. जॉन्सन बोले कसा ते बॉझवेलने सांगितलं. तो पीच कसा खाई, लहान मुलांशी कसा वागे, रात्रीला कसा भिई, हे आपल्याला मुख्यतः तिच्यामुळे माहीत आहे. तरी बॉझवेलने १७९१ च्या चरित्रात तिला जागोजागी खोटी पाडली आणि पुढची दीडेकशे वर्षं बहुतेकांनी त्याचंच ऐकलं. म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडून गवयाबरोबर गेलेली बाई, एवढीच तिची ओळख उरली. पिओत्सीबरोबर तिचा संसार १८०९ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत सुखाचा झाला, हे सांगायची कोणाला गरज वाटली नाही. ऐंशीव्या वर्षाच्या निमित्ताने तिने बाथमध्ये मोठा नाच ठेवला आणि स्वतः नाचली. १८२१ मध्ये ती गेली.

काका आठ महिन्यांनी आले. न कळवता, भर मंगळवारी, लायब्ररीने काढून टाकलेली पुस्तकं पिशवीत घालून. मी चहा टाकला. रविवारबद्दल दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. पुढे महिन्यातून एखादा मंगळवार ते येत राहिले. जॉन्सनला तेवढी सवड मिळाली नाही. ८ जुलैच्या पत्रानंतर त्याच्याकडे पाचच महिने उरले होते.

स्ट्रेथमचं ते घर १८६३ मध्ये पाडलं. आता तिथे नुसते रस्ते आहेत. पण स्ट्रेथमच्या सेंट लेनर्ड्स चर्चमध्ये हेन्री थ्रेल आणि हेस्टरची आई यांचे स्मृतिलेख आहेत. दोन्हींचा लॅटिन मजकूर जॉन्सनचा. या बाजूला आलात तर बघून या, मीही सोबत येईन. हेस्टर तिथे नाही. ती वेल्समध्ये, पिओत्सीच्या शेजारी आहे.